मानाचा वाटा

पेडणे आणि डिचोली या गोव्याच्या दोन तालुक्यांची तुलना कॅनडाशी करायची म्हटली, तर ऐकणारा आधी हसेल. २०११च्या जनगणनेत पेडण्याची लोकसंख्या ७५,७४७ होती आणि डिचोलीची ९७,९५५. कॅनडाची २०२१ साली पावणेचार कोटींच्या घरात गेली होती. क्षेत्रफळाची तर गोष्टच सोडा. तरीही ही तुलना उपयोगी आहे. अनेक समाजांनी आपापला वारसा सांभाळत एका भूमीवर कसे नांदावे, या प्रश्नाचे उत्तर सरकारी धोरण म्हणून सर्वांत आधी लिहून काढले ते कॅनडाने. त्याच प्रश्नाचे एक जुने, न लिहिलेले उत्तर पेडणे-डिचोलीच्या जत्रांत, देवळांत आणि दहीकाल्याच्या मांडवात सापडते. दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. पण गोव्याच्या या उत्तर टोकाला कळलेली एक गोष्ट कॅनडाच्या कायद्यात नीटशी उतरलेली नाही. एखाद्या समाजाची ओळख टिकते ती त्याला शेजाऱ्याच्या उत्सवात काही वाटा असतो, त्याच्यावाचून शेजाऱ्याचे काहीतरी अडते म्हणून. आपले नाच आणि आपले खाणे इतरांना दाखवायला मिळाल्याने ती फार दिवस तग धरत नाही.

दोन्हीकडच्या इतिहासाची सुरुवात एकाच प्रकारच्या राजकीय सौद्याने होते. १७६३च्या तहाने फ्रेंचांचे कॅनडातले राज्य ब्रिटिशांकडे गेले. हजारो फ्रेंच कॅथलिकांवर राज्य करायचे तर त्यांचा धर्म आणि त्यांचे खासगी कायदे मोडून चालणार नाही, हे लंडनला लवकरच उमगले आणि १७७४च्या क्वेबेक कायद्याने दोन्हींना अभय मिळाले. बरोबर चौदा वर्षांनी, १७८८च्या तहाने सावंतवाडीकर भोसल्यांकडून पेडणे, डिचोली आणि सत्तरी हा मुलूख कायमचा पोर्तुगिजांकडे आला. फोंडा त्याआधीच आला होता. या नव्या काबिजादींत, म्हणजे नंतर ताब्यात आलेल्या मुलखांत, पोर्तुगिजांनी हिंदूंची देवळे, विधी आणि चालीरीती यांना हात न लावण्याचे धोरण ठेवले. त्यात उदारपणाचा भाग थोडा आणि हिशेबाचा अधिक होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगालकडे नवा प्रदेश बाटवण्याचे बळ नव्हते, आणि सरहद्दीवरचे लोक नाराज झाले तर पलीकडे भोसले, करवीरकर, पेशवे बसलेलेच होते. पुढे १८६७चा पोर्तुगीज नागरी कायदा गोव्याला लागू झाला, तेव्हाही हिंदूंच्या काही रूढींसाठी १८८०मध्ये वेगळा हुकूम निघाला. आज कॅनडात क्वेबेकचा आणि भारतात गोव्याचा नागरी कायदा वेगळ्या परंपरेतून आलेला दिसतो, त्याचे मूळ अशा व्यवहारी सौद्यांत आहे.

सौदा न होता तर काय होते, हेही दोन्ही ठिकाणी दिसते. तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी या जुन्या काबिजादींत सोळाव्या शतकात देवळे पाडली गेली. १५६०मध्ये इन्क्विझिशन आले, १६८४मध्ये कोकणीवर बंदीचा हुकूम निघाला, आणि १७३६च्या फर्मानाने तर नवख्रिस्ती घरांतल्या लग्नाची गाणी, पोशाख, दारातली तुळस यांच्यावरही नजर ठेवली. दिवाडी बेटावरचा सप्तकोटेश्वर, कदंबांचे हे कुलदैवत, नदी ओलांडून डिचोलीतल्या नार्व्याला आला तो याच काळात. १६६८मध्ये शिवाजी महाराजांनी त्याचे देऊळ नव्याने बांधवले, तसा शिलालेख तिथे आहे. कॅनडात असाच घाव पश्चिम किनाऱ्यावरच्या आदिवासींवर पडला. पॉटलॅच या त्यांच्या समारंभात यजमान पाहुण्यांना भेटवस्तू वाटतो, आणि त्या स्वीकारणारे पाहुणे यजमानाच्या नावाचे, मानाचे, हक्काचे साक्षीदार बनतात. १८८५पासून १९५१पर्यंत हा समारंभ गुन्हा होता. १९२१मध्ये व्हिलेज आयलंडवरच्या एका मोठ्या पॉटलॅचनंतर लोकांना अटक झाली आणि त्यांचे मुखवटे, तांब्याचे पत्रे जप्त झाले. निवासी शाळांत दीड लाखाच्या आसपास आदिवासी मुले घरापासून तोडली गेली, हा त्याहून काळा भाग. पण पॉटलॅचची बंदी इथे अधिक सूचक आहे, कारण सरकारने नेमकी ती रीत मोडली जिच्यात एकाचा मान दुसऱ्याच्या साक्षीवाचून सिद्धच होत नव्हता.

विसाव्या शतकात कॅनडा वेगळ्या वाटेने निघाला. क्वेबेकमधल्या असंतोषामुळे १९६३मध्ये द्विभाषा आणि द्विसंस्कृती यांवर शाही आयोग नेमला गेला. इंग्रज आणि फ्रेंच हे दोन संस्थापक समाज, हे त्याचे गृहीत होते. त्यावर पश्चिमेच्या गवताळ प्रांतांतले युक्रेनियन आणि इतर लोक विचारू लागले: ओसाड माळ नांगरून आम्ही हा देश उभा केला, मग आमचे स्थान कोणते? आयोगाच्या कामातून १९६९मध्ये राजभाषा कायदा आला आणि या प्रश्नाला उत्तर म्हणून ८ ऑक्टोबर १९७१ रोजी पंतप्रधान पिएर ट्रूडो यांनी संसदेत नवे धोरण मांडले. भाषा दोन असतील, पण अधिकृत संस्कृती एकही नसेल. १९८२च्या हक्कांच्या सनदेत, कलम २७मध्ये, बहुसांस्कृतिक वारशाचा उल्लेख आला आणि १९८८मध्ये स्वतंत्र कायदा झाला. या धोरणाचे श्रेय कमी लेखण्यात अर्थ नाही. २०२१मध्ये कॅनडाच्या लोकसंख्येत परदेशात जन्मलेल्यांचे प्रमाण २३ टक्के होते आणि तरीही देश सावरून आहे. १९७२मध्ये इदी अमीनने युगांडातून हाकललेल्या आशियाई लोकांना कॅनडाने जागा दिली, त्यांत गोवेकरही होते.

पण हा वारसा प्रत्यक्ष साजरा कसा होतो ते पाहावे. विनिपेगमध्ये १९७०पासून फोल्कलोरामा भरतो. शहरभर निरनिराळ्या समाजांची दालने उघडतात आणि प्रत्येक दालनात त्या समाजाचे नाच, गाणी, पदार्थ असतात. प्रेक्षक एका दालनातून दुसऱ्यात जातो, जेवतो, टाळ्या वाजवतो. सगळे आनंदाचे आहे, नीटनेटके आहे. मात्र युक्रेनियन दालनात फिलिपिनो माणूस आला नाही म्हणून युक्रेनियनांचे काही अडत नाही. त्रिनिदादमध्ये जन्मलेले कॅनेडियन लेखक नील बिसुंदाथ यांनी १९९४मध्ये याच गोष्टीवर बोट ठेवले होते. त्यांच्या मते या धोरणाने माणसाला त्याच्या मुळाच्या सोप्या, देखाव्याच्या प्रतिमेत अडकवून ठेवले. त्यांची टीका काही ठिकाणी एकांगी आहे, पण ती मुळीच गैरलागू नाही.

आता शिरगावला येऊ. डिचोली तालुक्यातल्या या खाणींच्या गावात वैशाख शुद्ध पंचमीला लईराईची जत्रा भरते. धोंड म्हणजे व्रतस्थ भक्त. ते आधी काही दिवस सोवळ्यात राहतात, वेगळे शिजवून खातात, आणि जत्रेला हातात वेताची काठी, गळ्यात मोगऱ्याचे हार घालून गटागटाने येतात. मध्यरात्रीच्या सुमारास होमकुंड पेटते आणि पहाटेकडे धोंड त्या निखाऱ्यांवरून धावत जातात. गोव्याच्या सगळ्या तालुक्यांतून आणि पलीकडच्या सिंधुदुर्गातून लोक येतात. लईराई एकटी नाही. लोककथेप्रमाणे त्या सात बहिणी आणि एक भाऊ, खेतोबा. मुळगावची केळबाय, मयेची म्हामाय, मोरजीची मोरजाय या त्या बहिणींपैकी. कोणाची नावे कुठे वेगळी सांगितली जातात, पण एका बहिणीबाबत सगळ्यांचे एकमत आहे. ती म्हापशाच्या सेंट जेरोम चर्चमधली मिलाग्रीस सायबीण. हिंदू जत्रेची आणि ईस्टरनंतरच्या ख्रिस्ती फेस्ताची गाठ तेल आणि मोगरा यांच्या देवघेवीने बांधलेली आहे, आणि फेस्ताच्या दिवशी म्हापशाला तेल वाहायला हिंदूंची रांग लागते. नकाशावर पाहिले तर या नात्याचे वैशिष्ट्य कळते. मुळगाव, शिरगाव, मये डिचोलीत, मोरजी पेडण्यात, आणि म्हापसा जुन्या काबिजादींपैकी बार्देशात. जिथे देवळे पाडली त्या मुलखातली एक बहीण आणि जिथे ती राहिली त्या मुलखातल्या बाकीच्या, अशी ही वाटणी आहे. दोनशे वर्षांच्या सक्तीने जे तोडले ते लोकांनी नात्याच्या गोष्टीत जोडून घेतले. सायबिणीचे तेल चुकले तर लईराईच्या माणसांना चुकल्यासारखे वाटते, आणि उलटही.

यावर पहिला आक्षेप लगेच येतो. ही गोष्ट गोड आहे, पण ती जखमेवरची मलमपट्टी नाही का? ज्यांची देवळे पाडली त्यांनीच पाडणाऱ्यांच्या चर्चला बहीण म्हणायचे, हा समन्वय म्हणावा की पराभवाची सवय? आक्षेप सहज झटकण्याजोगा नाही. परंतु नाते जोडले कोणी, हे पाहिले पाहिजे. चर्चच्या अधिकाऱ्यांनी किंवा व्हाइसरॉयने ते जोडले नाही, त्यांना तर असली सरमिसळ नको होती, १७३६चे फर्मान त्याचाच पुरावा आहे. जोडले ते गावकऱ्यांनी, दोन्ही बाजूंच्या. बाटलेला शेजारी हा अजून आपल्याच कुळाचा, एवढे सांगायला त्यांच्यापाशी दुसरी भाषा नव्हती. शिवाय हे फक्त शिरगावपुरते नाही. पेडण्यातले चोपडे ओलांडून पुलाने शिवोलीला गेले की तिथल्या जागरात, म्हणजे रात्रीच्या लोकनाट्यात, हिंदू आणि ख्रिस्ती दोघेही सामील असतात. एक उदाहरण असते तर योगायोग म्हटले असते.

वाट्याचे हे तत्त्व भाषेत अधिक गुंतागुंतीचे दिसते. पेडण्यात घरात बोलतात ती कोकणी. पेडणेकरांची कोकणी मालवणीला जवळची, तेरेखोल नदी ओलांडली की फरक कुठे पडला ते सांगता येऊ नये अशी. देवळातली आरती, कीर्तन, रोजचे वर्तमानपत्र मात्र मराठीत. जत्रेच्या रात्री पालखी देवळात परतल्यावर दहीकालो, म्हणजे दशावतारी नाटक, उभा राहतो. वालावलकर, मोचेमाडकर, पार्सेकर अशा सिंधुदुर्गातल्या मंडळ्या येतात. संहिता लिहिलेली नसते, संवाद जागच्या जागी बांधले जातात. आधी गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती येतात, मग काळ्या कपड्यांतला, लांब लाल जिभेचा संकासुर. राजा आणि देव भारदस्त मराठीत बोलतात, संकासुर गावच्या बोलीत टोपी उडवतो आणि मांडव हसतो. पहाटे हंडी फुटते. त्या मांडवात बसलेल्याला दोन भाषांपैकी एक निवडा असे कोणी सांगत नाही. एकीवाचून राजाचा रुबाब नाही, दुसरीवाचून संकासुराचा चावटपणा नाही. आधुनिक कोकणीचे आद्य पुरस्कर्ते शणै गोंयबाब, म्हणजे वामन रघुनाथ वर्दे वालावलीकर, हे १८७७मध्ये जन्मले ते डिचोलीत. गोव्याचे महाराष्ट्रात विलीनीकरण व्हावे म्हणून राजकारणात उतरलेले, खेड्यापाड्यांत मराठी शाळा काढणारे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर हे पेडण्याचे. एकाच सरहद्दीच्या पट्ट्याने दोन्ही बाजूंचे म्होरके दिले, हे मला नवलाचे वाटत नाही. जिथे दोन्ही भाषा रोज वापरल्या जातात तिथेच त्यांच्याबद्दल तीव्र मत तयार होते.

मग भांडण झालेच ना, असे कोणी म्हणेल. झाले. १६ जानेवारी १९६७च्या जनमत कौलात १,७२,१९१ मते केंद्रशासित राहण्याच्या बाजूने आणि १,३८,१७० विलीनीकरणाच्या बाजूने पडली. पेडणे-डिचोलीचा कल विलीनीकरणाकडे होता. १९८६च्या भाषा आंदोलनात माणसे मेली. १९८७च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी राजभाषा झाली आणि मराठीला सरकारी कामकाजात वापराची मुभा राहिली. दोन्हीकडचे कट्टर लोक त्यावर आजही नाराज आहेत. परंतु या सगळ्यात एक गोष्ट क्वचितच मोजली जाते. जनमत कौल हरल्यावर दोनच महिन्यांनी झालेल्या निवडणुकीत बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष पुन्हा सत्तेवर आला. म्हणजे काही मतदारांनी विलीनीकरण नको म्हटले आणि विलीनीकरणवाद्यांचेच सरकारही निवडले. आयोग नेमणाऱ्यांना हे विसंगत वाटेल. घरात एक भाषा आणि देवळात दुसरी वापरणाऱ्याला त्यात विसंगती दिसत नाही. २०११च्या जनगणनेत गोव्यात ६६.११ टक्के लोकांनी मातृभाषा कोकणी आणि १०.८९ टक्क्यांनी मराठी नोंदवली. पण गोव्यातल्या मराठी वर्तमानपत्रांचा वाचकवर्ग या दुसऱ्या आकड्यात मावणारा नाही. जनगणनेच्या रकान्यात एकच भाषा लिहायची असते, त्यामुळे बाकीचे बाहेर राहते. कॅनडाच्या शाही आयोगाची अडचण हीच होती. दोन संस्थापक समाज म्हटले की तिसऱ्याला रकाना नाही, आणि दोन्हींत असलेल्याला तर मुळीच नाही.

इथे एक आडवळण घ्यावेसे वाटते. २००७मध्ये इंग्रजी विकिपीडियावर डिचोलीच्या एका युद्धावर लेख आला. १६४०-४१मध्ये पोर्तुगीज आणि मराठे यांच्यात झालेले म्हणे, संदर्भांसह, तारखांसह. त्याला उत्तम लेखाचा दर्जाही मिळाला. २०१२च्या अखेरीस ते संपूर्ण युद्ध बनावट असल्याचे उघड झाले आणि लेख काढून टाकला गेला. मूळ लबाडीपेक्षा ती पाच वर्षे पचली कशी, हे मला अधिक बोलके वाटते. दोन समाज शेजारी म्हटले की त्यांच्यात युद्ध झालेलेच असणार, असे वाचणाऱ्याला सहज पटते. तेलाच्या आणि मोगऱ्याच्या देवघेवीवर असा लेख कोणी रचला असता तर लगेच संशय आला असता.

सर्वांत जड आक्षेप जातीचा आहे. वाटा म्हणजे मान, आणि मान म्हणजे उतरंड. पालखीला खांदा कोणी द्यायचा, गाभाऱ्यात कोणी जायचे, देवाचा तरंग-खांब कोणी धरायचा, वाजंत्री कोणी वाजवायची, हे सगळे कुळाने आणि जातीने ठरलेले असते. ज्याच्या वाट्याला वाजवणे आले त्याला खांदा मिळत नाही. १९३३च्या देवस्थान नियमावलीने म्हाजनांची, म्हणजे देवळाच्या हक्कदार सभासदांची, यादी पक्की केली, आणि साधारणपणे म्हाजनपण जन्माने, तेही पुरुषांच्या वंशातून चालते. मानावरून वाद झाले की प्रकरण मामलेदारापुढे जाते, काही ठिकाणी उत्सव बंद पडेपर्यंत ताणले जाते. हा दोष खराच आहे, आणि वाट्याच्या व्यवस्थेचे गुणगान करताना तो झाकणे अप्रामाणिकपणा ठरेल. पण यातून दाखवण्याची व्यवस्था अधिक समतेची ठरते, असा निष्कर्ष निघत नाही. समाजशास्त्रज्ञ जॉन पोर्टर यांनी १९६५मध्येच दाखवून दिले होते की कॅनडाचे रंगीत मोझेक उभे आहे, त्यात वरच्या ओळीत ब्रिटिश वंशाचे लोक आणि खाली बाकीचे. दालनात सगळे समान दिसतात, बँकेच्या संचालक मंडळात दिसत नाहीत. उतरंड दोन्हीकडे आहे. पेडण्यात ती पालखीच्या दांड्यावर उघड दिसते म्हणून तिच्यावर भांडता तरी येते. मानावरून होणारे वाद हे उतरंड ढासळत असल्याची खूण आहेत असे मी मानतो. ज्याला आपला वाटा मिळावा असे वाटतच नाही तो मामलेदाराकडे जात नाही.

नव्याने आलेल्यांचे काय, या प्रश्नावर मात्र पेडणे-डिचोलीपाशी उत्तर नाही, आणि कॅनडापाशी आहे. डिचोलीच्या खाणींवर, रेतीच्या आणि बांधकामाच्या कामावर कर्नाटक, झारखंड, ओडिशातून माणसे आली. हरमल, मांद्रे, मोरजीच्या किनाऱ्यावर रशियन आणि इतर परदेशी लोक महिनोन्महिने राहतात, काही वर्षानुवर्षे. मोप्याच्या विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ला झाले. त्यासाठी सड्यावरची जमीन गेली, धनगर कुटुंबांना हलावे लागले, आणि आता हॉटेले, टॅक्सी, गोदामे यांच्याबरोबर आणखी माणसे येत आहेत. यांतल्या कोणालाही म्हाजनांच्या यादीत जागा नाही आणि बहुतेकांना ती हवीही नसेल. कॅनडाने परक्याला काही वर्षांत नागरिक करण्याची वाट कायद्याने खुली ठेवली. जत्रेच्या कामात मात्र नवे लोक आधीच शिरले आहेत. मांडव घालणारे, विजेची रोषणाई करणारे, मोगऱ्याचे हार विकणारे हात आज सगळे गावचे नसतात. आजच्या मानकऱ्यांपैकी अनेक घराण्यांचा मानही एकेकाळी अशाच सेवेतून आला. कोणी दिवा लावी, कोणी पाणी भरी, कोणी वाजवी, आणि पिढ्यांनंतर त्या कामाला हक्काचे रूप आले. फरक इतकाच की तेव्हा ते नोंदवून घेणारी नियमावली नव्हती. आता १९३३ची आहे, ती बदलण्याचा अधिकार गोवा विधानसभेला आहे, आणि तोवर नवे नाव यादीत चढवायचे तर मामलेदाराच्या कार्यालयात वंशावळ दाखवावी लागते.